भाड्याचा ऑनलाइन पिक्चर रेल्वेत नेटशिवाय बघायचाय, ४८ तासांचं गणित कसं बसवता?

कृष्णाकाठ_सांगली
मंडळी, दिवाळीनंतर सहकुटुंब दिल्लीला निघालोय, पुढं ऋषिकेश. गोवा एक्स्प्रेस. रात्री सांगलीत बसायचं, मधला अख्खा दिवस गाडीत, अजून एक रात्र आणि मग सकाळी निजामुद्दीन. मी, बायको, दोन पोरं आणि सासरे. त्या मधल्या दिवसाचं काय करायचं हाच प्रश्न आहे, पत्ते दुपारपर्यंत पुरतात आणि नंतर भांडणं होतात. पोरांना एक नवा पिक्चर बघायचाय, तो कुठल्याच वर्गणीत नाही, फक्त भाड्यानं मिळतोय. गाडीत नेटचा भरवसा नाही म्हणून आधीच डाउनलोड करून न्यावा म्हणतोय. पण ॲपवर लिहिलंय ३० दिवसांत बघायला सुरू करा आणि सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवा. आता हे ४८ तास डाउनलोड केल्यापासून की प्ले दाबल्यापासून? आणि खांडव्याच्या आसपास ॲप म्हणालं की आधी नेट जोडा, तर मी पोरांना काय सांगू? टॅबवर घेतला तर माझ्या मोबाइलवर पण घेता येतो का? माझं मत असं की पैसे मोजलेत तर फाइल माझी, मी कशीही बघीन. पण तसं दिसत नाही एकंदर.

पोवई_नाका
प्ले दाबल्यापासून. भाड्यानं घेतला की ३० दिवसांचं घड्याळ चालू, नुसता डाउनलोड करून ठेवला तर ४८ चं नाही. प्राइम व्हिडिओवरचं भाड्याचं दुकान, ॲपल, यूट्यूब, तिन्हीकडं साधारण हेच. निवांत जावा.

भडंगप्रेमी
पत्त्यांबरोबर भडंग किती घेतलंय ते आधी सांगा, बाकीचं नंतर बघू.

लॉजिकगेट
"फाइल माझी" इथंच गाडं अडतं. डाउनलोड होते ती फाइल कुलूपबंद असते. तिच्यासोबत एक परवाना येतो आणि तो फोनच्या आत, तुमच्या-माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी बसतो. अँड्रॉइडवर हे काम गूगलचं वायडव्हाइन करतं, आयफोन-आयपॅडवर ॲपलचं फेअरप्ले. प्ले दाबलं की आधी परवाना तपासला जातो: मुदत आहे का, फोन तोच आहे का, आणि मग पिक्चर उलगडत जातो. त्यामुळं ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली किंवा मेमरी कार्ड काढून बायकोच्या फोनात घातलं तरी काही उपयोग नाही, कारण परवाना पहिल्याच फोनात राहिलेला असतो. तुमचे भाड्याचे पैसे त्या परवान्याचे आहेत.

टॅब आणि मोबाइल दोन्हीवर घेता येईल का, तर भाड्याच्या पिक्चरला बहुतेक नाही. ॲपलचा तर स्पष्ट नियम आहे, भाड्यानं घेतलेला पिक्चर एका वेळी एकाच डिव्हाइसवर डाउनलोड राहतो. टॅबवरच घ्या, पोरं दोन आहेत.

नाद_सोडा
एवढी डोकेफोड कशाला करता राव. कुणाकडं तरी असतोयच, पेनड्राइव्हवर घ्या, टॅबला लावा, बघा. ना ४८ तास ना ३० दिवस.

कृष्णाकाठ_सांगली
नाद_सोडा, तो रस्ता माहीत आहे हो, त्यासाठी धागा काढला नसता. थिएटरात मोबाइल धरून काढलेली प्रिंट, मधनंच कुणीतरी उठून पडद्यासमोरनं मुतायला जातंय, ते पोरांना दाखवायचं नाही.

घाटवाट
दर आठवड्याला सातारा-पुणे करते म्हणून सांगते. सगळ्यांनी नियम सांगितले पण खरी गोची कुणी सांगितलीच नाही. नेटशिवाय चालतोय का हे घरी तपासायला म्हणून तुम्ही प्ले दाबणार, आणि दाबलंत की ४८ तास सुरू. नुसती सुरुवातीची पाटी बघून बंद केलात तरी सुरूच. म्हणजे तपासलं तर घड्याळ चालू, नाही तपासलं तर गाडीत धाकधूक.

मी काय करते, आदल्या दिवशी विमान मोड लावायचा, ॲप पूर्ण बंद करून परत उघडायचं, डाउनलोडच्या यादीत पिक्चर दिसतोय का आणि डाउनलोड पुरा झालाय का बघायचं. प्लेला हात लावायचा नाही. त्याच ॲपमधला वर्गणीतला दुसरा कुठला तरी एपिसोड डाउनलोड करून तो चालवून बघायचा. तो चालला म्हणजे ॲप नेटशिवाय उघडतंय आणि लॉगिन शाबूत आहे, एवढं तरी कळतं.

लॉजिकगेट
घाटवाट ताई, पद्धत चांगली पण पुरी नाही. वर्गणीतल्या एपिसोडचा परवाना वेगळा, भाड्याच्या पिक्चरचा वेगळा. एक चालला म्हणजे दुसरा चालेलच असं नाही. भाड्याच्या वेळी पहिल्यांदा प्ले दाबताना काही ॲप सर्व्हरला कळवू बघतात की आता सुरू केला म्हणून. तिथं नेट नसेल तर काय होतं ते ॲपवर अवलंबून.

घाटवाट
मग तुमच्या मते काय करावं? एक पिक्चर तपासायला आणि एक बघायला असे दोन भाड्यानं घ्यावेत?

पोवई_नाका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. डाउनलोड करूनच बसलोय.

मिरजकर_काका
मला या सगळ्याचं हसू येतं. आमच्या वेळी तासावर सायकल मिळायची, दुकानदार वहीत वेळ लिहायचा, मग तुम्ही ती चालवा नाहीतर झाडाला टेकवून गप्पा मारा. इथं उलट आहे, सायकल ३० दिवस दारात उभी राहिली तरी चालते, पायडल मारला की वेळ सुरू. ग्राहकाच्या बाजूनं बघितलं तर हा सौदा वाईट नाही.

आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांनी ४८ तासांची तक्रार करू नये. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्यानं. सकाळी परत द्यायचं म्हणून रात्रभर एकामागून एक तीन पिक्चर, वाड्यातलं सगळं पब्लिक अंगणात, तिसऱ्या पिक्चरला अर्धे झोपलेले आणि तरी कुणी बंद करू द्यायचं नाही. कॅसेट अडकली की हेड साफ करायला माणूस बोलवायचा, तो कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा हे मी डोळ्यानं बघितलंय. कॅसेट पार सुरुवातीपर्यंत मागं गुंडाळून द्यायची, नाहीतर पुढच्या वेळी दुकानदार बोलायचा.

भडंगप्रेमी
काका कोऱ्या नोटेचं खरंय! आमच्याकडं दहाची असायची. पिक्चर सुरू झाला की नोट परत खिशात.

सज्जनगड_पायथा
अवांतर होतंय पण व्हिडिओ कोच विसरले का सगळे? मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये पुढं टीव्ही, कराड सोडलं की पिक्चर सुरू आणि खंबाटकीत कॅसेट उड्या मारायची. आवाज एवढा की मागच्या सीटवर झोप नाही. पिक्चर कुठला ते ड्रायव्हर ठरवणार. त्यामानानं आता ज्याचा त्याचा मोबाइल बरा.

कमळ_कराड
बरा कसला, ज्याचा त्याचा मोबाइल म्हणजे ज्याचा त्याचा लाउडस्पीकर. एसटीनं २०२३ मध्ये बसमध्ये मोठ्या आवाजात मोबाइल वाजवायला बंदी घातली, कंडक्टरनं सांगायचं असं ठरलं. पण कंडक्टर तिकिटं फाडणार का ह्यांच्या रील बंद करत फिरणार? कृष्णाकाठ, पाच जणांना पुरेल असं इअरफोनचं काय करणार आहात ते सांगा. रेल्वेतही रात्री दहानंतर आवाज करून चालत नाही.

कृष्णाकाठ_सांगली
ताई, पोरांना वायरचा एक-एक हेडफोन आणि मधे दोन तोंडांचं जोडायचं ते, स्प्लिटर, शंभरेक रुपयाला मिळतं. टॅब जुना आहे म्हणून गोल भोक आहे अजून. सासऱ्यांना ऐकायला तसंही कमी येतं, ते चित्रं बघतील :-)

कमळ_कराड
हे सासऱ्यांनी वाचू नये.

फौजी_परळी
जय हिंद मंडळी. हा विषय आमचा रोजचा. सुट्टी संपली की पुण्यातनं झेलम एक्स्प्रेस धरायची, जम्मूपर्यंत दोन रात्री तरी जातातच. आपशिंग्याची पोरं, परळी खोऱ्यातली, कोरेगावची, एका डब्यात आठ-दहा जण सहज असतात. प्रत्येकजण घरच्या वायफायवर दोन-दोन पिक्चर भरून आणतो, पण कुणी काय आणायचं ते आधी फोनवर ठरतं, नाहीतर सगळ्यांकडं एकच निघतो.

बघायची पद्धत सांगतो. मिडल बर्थ ज्या साखळीला लटकतो तिला रबरबँडनं मोबाइल आडवा बांधायचा. खालच्या बर्थवर चौघं, समोर चौघं, वरनं दोन मुंडकी खाली लोंबकळतायत. चहावाला पण दोन मिनिटं थांबतो आणि विचारतो हा मेला का?

कामाचं एकच. भाड्याचा पिक्चर सुट्टी संपता संपता घ्यायचा. आधी घेतला तर पोस्टिंगवर नेट नसताना ३० दिवस कधी उलटतात कळत नाही आणि न बघताच जातो. वर्गणीतली डाउनलोडं पण कायमची नसतात, ती पण अधनंमधनं नेट मागतात. लांब जायचं असेल तर ह्याचा विचार करा.

मिरजकर_काका
फौजी, तुमच्या डब्यात बसायला आवडेल.

नाद_सोडा
हलकेच घ्या, पण माझा मुद्दा कुणी खोडला नाही. पैसे भरणाऱ्या माणसाला ४८ तास, ३० दिवस, एकच टॅब, नेट जोडा, लॉगिन करा. आणि फुकट घेणाऱ्याला काहीच नाही, त्याची फाइल कायमची, टीव्हीवर चालते, पेनड्राइव्हवर चालते. प्रामाणिक गिऱ्हाइकालाच चोर समजायचं हा कुठला न्याय?

लॉजिकगेट
हा मुद्दा बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो. कुलूप चोराला अडवत नाही, पैसे भरणाऱ्याला अडवतं, हे जगभर लोक बोलतात. पण म्हणून आपण कुलूप तोडायचं का, तर कायदा नाही म्हणतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए कलम आलं. हक्क मोडायच्या इराद्यानं असलं तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कोण येतंय गोवा एक्स्प्रेसमध्ये तपासायला, ते वेगळं.

नाद_सोडा
टीसी येईल की. तिकीट दाखवा आणि परवाना दाखवा.

सज्जनगड_पायथा
फोनची तारीख मागं करून ठेवली तर ४८ तास लांबतात का? आमच्या पोरानं गेमला केलं होतं.

लॉजिकगेट
गेमला जमतं, इथं नाही. तारीख मागं घेतलेली परवाना तपासणाऱ्या भागाला कळते, मग ॲप रुसतं आणि नेट मागतं. उगाच चालू असलेला पिक्चर घालवून बसाल.

हळदगल्ली
एक साधी गोष्ट राहिली. डाउनलोड करताना भाषा निवडायला विसरू नका. काही ॲपमध्ये जी ऑडिओ भाषा निवडाल तेवढीच फाइल उतरते. पोरं म्हणणार इंग्रजी, सासरे म्हणणार हिंदी, आणि गाडीत बदलायला गेलात की नेट नाही. सबटायटलचं पण तेच. दुसरं, डाउनलोड झाल्यावर त्या ॲपमधून लॉगआउट करू नका. लॉगआउट केलं किंवा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपचा स्टोरेज साफ केला की डाउनलोड गेलं. जागा कमी पडतेय म्हणून निघायच्या दिवशी साफसफाई करणारे लोक घरात असतात, त्यांच्यापासून टॅब लांब ठेवा.

कृष्णाकाठ_सांगली
हे बेस्ट सांगितलंत. भाषेचं डोक्यातच नव्हतं. एक अजून, मी स्वस्तातला टॅब घेतलाय, एचडीचे पैसे भरायचे का?

लॉजिकगेट
आधी बघा टॅबला वायडव्हाइनची कुठली पातळी आहे. एल१ असेल तर एचडी, एल३ असेल तर बहुतेक ॲप साध्या एसडीच्या वर जाऊ देत नाहीत, पैसे कितीही भरा. डीआरएमची, म्हणजे ह्याच कुलपाची, माहिती दाखवणारी फुकट ॲप आहेत, त्यात दोन मिनिटांत दिसतं. एल३ निघाला आणि दुकानात एसडी स्वस्त असेल तर तीच घ्या. त्या पडद्यावर आणि हलत्या डब्यात फरक दिसत नाही, शिवाय फाइल लहान.

पोवई_नाका
आणि फाइल घरीच उतरवा हो. स्टेशनच्या फुकट वायफायवर विसंबून कुणी येतं. त्यात पहिला अर्धा तास फुकट, वेग १ एमबीपीएस. हिशेब केला तर अर्ध्या तासात फार तर २२५ एमबी. म्हणजे पिक्चरमधलं पहिलं गाणं संपायच्या आत गाडी येते.

घाटवाट
२२५ एमबीचा हिशेब आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

डोंगरवाट_वाई
मी एक वेगळंच विचारते. गाडीत पडद्याकडं बघून मळमळत नाही का कुणाला? रेल्वेत ठीक आहे पण पसरणी घाटात माझ्या भाच्यानं मोबाइलवर पिक्चर लावला आणि तिसऱ्या वळणाला खिडकी गाठली. पाचगणीपर्यंत आम्ही सगळे खिडक्या उघड्या टाकून.

भडंगप्रेमी
घाटात पिक्चर नको, आवळासुपारी. आणि मागच्या सीटवर नको.

कमळ_कराड
सहमत. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कान म्हणतात वळतोय, आणि मधे पोट सापडतं. कुंभार्ली, आंबा, खंबाटकी सगळीकडं तोच नियम, पडदा बंद आणि नजर रस्त्यावर.

डोंगरवाट_वाई
आणि दुसरं. हॉटेलवर पोचल्यावर टॅबचा पिक्चर तिथल्या टीव्हीवर लावता येतो का? आमचा स्क्रीन काळा पडला, आवाज तेवढा येत होता.

लॉजिकगेट
तेही त्या कुलपाचंच काम. स्क्रीन मिररिंग केलं की ॲप चित्र झाकतं. वायरनं जोडायचं तर टॅबच्या टाइप-सी मधून चित्र बाहेर यायची सोय हवी, सगळ्यांत नसते, आणि मधलं ॲडॉप्टर, टीव्ही दोघांना एचडीसीपी, म्हणजे वायरीवरचं तसलंच कुलूप, यावं लागतं. स्वस्त ॲडॉप्टर तिथंच गळपटतात. हॉटेलात वायफाय असेल तर टीव्हीवरच्या ॲपमध्ये आपलं खातं उघडून बघणं सोपं, फक्त निघताना लॉगआउट करा. टीव्हीवरून, टॅबवरून नाही!

शांत_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय, गोड मानून घ्या. सगळे म्हणतायत घरी प्ले दाबू नका. पण धागाकर्त्याच्या गाडीचं गणित कुणी मांडलंच नाही. गाडी सांगलीत रात्री दहाच्या पुढंमागं. समजा निघायच्या आधी, संध्याकाळी आठला, घरी विमान मोड लावून प्ले दाबला, पाच मिनिटं चालला, बंद केला. ४८ तास संपणार कधी? परवा रात्री आठला. पिक्चर बघायचाय उद्या दिवसा. गाडी निजामुद्दीनला पोचते परवा सकाळी. म्हणजे उतरल्यावरही दहा-बारा तास हातात राहतात, आणि ४८ तासांत कितीदाही बघा, मनाई नाही. मग निघायच्या दिवशी संध्याकाळी तपासून घेण्यात तोटा काय? नाही चाललाच तर घरचं वायफाय तिथंच आहे, काढून परत डाउनलोड करता येतो. तोटा फक्त एकच, गाडी रद्द झाली तर. परतीच्या प्रवासासाठी दुसरा पिक्चर भाड्यानं घेतला तर तो मात्र अजिबात उघडू नये, तसाच बंद राहू दे.

घाटवाट
अरे! माझा प्रवास अडीच-तीन तासांचा म्हणून मी कधी असा विचारच केला नाही. पण परतीच्या पिक्चरचं तपासणं राहिलंच की.

शांत_वाचक
पहिला नेटशिवाय सुरू झाला तर त्याच ॲपमधला, त्याच टॅबवरचा दुसराही भाड्याचाच आहे, तो व्हायला हरकत नसावी. आणि ऋषिकेशला नेट आहे की, नाही झाला तर तिथं बघून घेतील.

लॉजिकगेट
+१. माझ्याकडून विषय मिटला.

मिरजकर_काका
शांत_वाचक, तुम्ही इतके दिवस शांत का होता?

फौजी_परळी
चार्जिंगचं बघा फक्त. बऱ्याच गाड्यांत रात्री अकरा ते पाच डब्यातले प्लग बंद ठेवतात. दिवसा मिळतात पण एका प्लगवर सहा जणांचा डोळा. टॅब घरनं शंभर टक्के भरून घ्या आणि पहिल्या रात्री पोरांना गेम खेळू देऊ नका.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे आभार. ठरलं, निघायच्या संध्याकाळी विमान मोडमध्ये पाच मिनिटं चालवून बघणार, हिंदी ऑडिओ, एसडी. टॅबची पातळी एल३ निघाली, पन्नासेक रुपये वाचले. परतीचा पिक्चर बायको निवडणार, त्यावर धागा काढणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली
गाडीतून लिहितोय, भुसावळ आलंय म्हणून रेंज आहे. मनमाड सोडल्यावर लावला, नेट बंद होतं, विनातक्रार चालला. रबरबँडची आयडिया वापरली, फौजी. हेडफोन काढावे लागले कारण शेजारच्या बर्थवरची तीन पोरं येऊन बसली, मग बारीक आवाजात ठेवला. आजूबाजूला विचारून ठेवला, कमळताई. सासऱ्यांना मधलं काही कळलं नाही, ते आता म्हणतायत पहिल्यापासून परत लाव. मुदत आहे, पण टॅब अठरा टक्क्यांवर आणि प्लगला कुणाचा तरी फोन लावलाय, मालक वरच्या बर्थवर घोरतोय. उठवू का?

फौजी_परळी
उठवू नका. इटारसीला चहावाला ओरडत आला की तो आपोआप उठतोय.